पाळीव सशाचे संगोपन

पाळीव ससा (शास्त्रीय नाव: ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) हा मूळच्या आयबेरियन द्वीपकल्पातील युरोपीय सशापासून माणसाळवलेला सस्तन प्राणी आहे. जातीनुसार त्याचे वजन साधारणतः १ ते ५ किलोग्रॅम असते आणि योग्य निगा राखल्यास तो ८ ते १२ वर्षे जगतो. पहिल्यांदाच ससा आणणाऱ्या कुटुंबाला जागा, चारा, उन्हाळ्याची सोय आणि पशुवैद्यक यांची तयारी ससा घरी येण्यापूर्वीच करावी लागते. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात, उदाहरणार्थ यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर या कोळसा खाणीच्या गावी, ही तयारी थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील तयारीपेक्षा बरीच वेगळी असते.

पाळीव ससा आणि रानससा

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. शेतशिवारात दिसणारा रानससा (लेपस नायग्रिकोलिस) वेगळ्या प्रजातीचा आहे. पाळीव सशाची गुणसूत्रे ४४ असतात, तर रानसशाची ४८. त्यांचा संकर होत नाही. पाळीव सशाची पिल्ले जन्मतः उघडी व डोळे मिटलेली असतात. रानसशाची पिल्ले मात्र केसाळ व उघड्या डोळ्यांची जन्मतात आणि आई त्यांना दिवसा गवतात एकटी ठेवते. त्यामुळे कापणीच्या वेळी सापडलेले पिल्लू 'पोरके' समजून घरी आणण्याचा प्रकार घडतो. असे पिल्लू बहुधा पोरके नसते आणि बंदिवासात सहसा जगत नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानससा संरक्षित असल्याने त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे.

निवारा

बाजारात सशासाठी म्हणून विकले जाणारे लहान पिंजरे फार तर प्रवासापुरते उपयोगी पडतात. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच अशी कायम खुली जागा सुचवते. जाळीच्या तळावर सतत बसल्याने पायांच्या तळव्यांना जखमा होतात. म्हणून तळ सपाट ठेवून त्यावर सुके गवत अंथरतात. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार सहज मिळत असले तरी त्यात धूळ फार असते. ससा केवळ नाकाने श्वास घेतो, त्यामुळे धूळ त्याला लवकर बाधते. खाणीच्या व कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या घरांत ससा अंगणापेक्षा आतल्या खोलीत ठेवणे श्रेयस्कर ठरते. मांजर, मोकाट कुत्री, मुंगूस, साप आणि घुशी यांच्यापासूनही त्यामुळे संरक्षण मिळते. विजेच्या तारा मात्र नळीतून न्याव्या लागतात, कारण ससा त्या कुरतडतो.

उन्हाळा

सशाला सुमारे १५ ते २१ अंश सेल्सियस तापमान मानवते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता मुख्यत्वे कानांतील रक्तवाहिन्यांद्वारे बाहेर टाकली जाते. तापमान ३० अंशांच्या वर गेल्यास त्याला त्रास सुरू होतो. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे येथे सशाचा खरा शत्रू आजार नसून उन्हाळा आहे. टिनाच्या छपराखाली ससा ठेवणे अशा दिवसांत प्राणघातक ठरते.

ज्या घरात उन्हाळाभर एक तरी खोली थंड राखता येत नाही, तेथे ससा न आणणे हाच योग्य निर्णय होय. कोरड्या हवेत कुलर चांगले काम करतो. पावसाळ्याच्या तोंडावर दमटपणा वाढला की त्याचा उपयोग घटतो. फरशीचा गारवा, ओले पोते अडकवलेली खिडकी आणि फडक्यात गुंडाळलेली गोठलेल्या पाण्याची बाटली हे उपाय वीज गेल्यावर उपयोगी पडतात. जलद श्वास, लाळ, सुस्ती व तापलेले कान ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कान ओल्या फडक्याने पुसून पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. सशाला बर्फाच्या पाण्यात बुडवल्यास धक्क्याने तो दगावू शकतो.

आहार

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्याचे आतडे तंतुमय चाऱ्यावरच नीट चालते. त्यामुळे आहाराचा सुमारे ८० टक्के भाग सुके वा ताजे गवत असावा लागतो. शहरांत आयात केलेले टिमोथी गवत मिळते. गावात हरळी व मारवेल ही गवते पुरेशी असतात. कुसळी गवताची कुसळे तोंडात व डोळ्यांत रुततात, म्हणून ते टाळतात. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावरांना ज्याने किराळ लागते तेच विष येथेही धोक्याचे आहे. कोथिंबीर, मेथी व मुळ्याचा पाला थोड्या प्रमाणात देतात. गाजर हे सशाचे मुख्य अन्न असल्याची समजूत चित्रकथांतून आली असून त्यातील साखरेमुळे ते क्वचितच देणे इष्ट असते. पोळी, भात, बिस्किटे, कांदा व लसूण वर्ज्य आहेत. गुरांची सरकीची ढेपही देऊ नये, कारण सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना विषारी असते.

कपाशीच्या पट्ट्यात गवत कोठून आणले हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील कीटकनाशक फवारणीतून शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचे मृत्यू झाले होते. फवारलेल्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावरचे गवत इतक्या लहान प्राण्याला देणे धोक्याचे आहे. घरामागच्या तुकड्यात किंवा कुंड्यांत हरळी लावणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

ससा रात्री व पहाटे मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो. ही विकृती नसून आतड्यातील जिवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वे व प्रथिने मिळवण्याची त्याची नैसर्गिक रीत आहे.

हाताळणी व प्रजनन

सशाला कानांना धरून उचलणे ही रूढ पण घातक पद्धत आहे. मागचे पाय लोंबकळत राहिले व त्याने झटका दिला, तर पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली ठेवतात. लहान मुलांनी त्याला जमिनीवर बसूनच हाताळावे.

ससा कळपात राहणारा असल्याने जोडी ठेवणे चांगले, मात्र विक्रेत्याने सांगितलेले लिंग अनेकदा चुकीचे निघते. मादी चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येते, गर्भकाळ सुमारे ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि विल्यानंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. निर्बीजीकरणाने हा प्रश्न सुटतो व मादीतील गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो.

पशुवैद्यकीय सोय

ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम मुख्यतः गुरे व शेळ्यांचे असते, त्यामुळे सशावर उपचार कोठे होतात याची चौकशी आधीच करून ठेवणे आवश्यक असते. विदर्भात १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय हे या क्षेत्रातील प्रमुख केंद्र आहे. १२ तास काहीही न खाणारा किंवा लेंड्या न टाकणारा ससा तातडीचा रुग्ण मानला जातो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलयुक्त थेंब आणि तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक सशाच्या जिवावर बेतू शकतात; घरात उरलेली माणसांची वा कुत्र्यांची औषधे म्हणूनच त्याला दिली जात नाहीत.