हैदराबाद संस्थानाचे कर्ज व वऱ्हाडचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यावर साठलेले लष्करी खर्चाचे कर्ज व त्यापोटी १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झालेला वऱ्हाड प्रांत, हे हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासातील एक बोधक प्रकरण होय. या कर्जाचे कारण म्हणून निजामाच्या दरबारची उधळपट्टी सामान्यतः पुढे करण्यात येते. ती होतीच, तथापि कर्जाची मूळ रचना पाहिली असता दिसते ती गोष्ट निराळी आहे : खर्च ठरविण्याचा अधिकार एकाकडे व तो भागविण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी विभागणी या राज्यात सु. चाळीस वर्षे चालू राहिली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथील छावण्या ही या खर्चाची प्रमुख ठिकाणे असल्याने मराठवाड्याच्या इतिहासाशी या प्रकरणाचा निकटचा संबंध आहे.

येथे दोन फौजांमधील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिली तैनाती फौज. १८०० च्या तहान्वये तिच्या खर्चासाठी निजामाने १७९२ व १७९९ मध्ये म्हैसूरकडून मिळालेला मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. त्यामुळे या फौजेचा खर्च आगाऊच भागला होता व तिच्यापायी कर्ज होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच तहात, युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे, असेही एक कलम होते. या कलमाचा आधार घेऊन रेसिडेंट हेन्री रसेल (कार. १८११–२०) याने निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, नवी कवायती फौज उभारली. प्रथम ‘रसेल ब्रिगेड’ व पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ती ओळखली गेली. अधिकाऱ्यांची संख्या व त्यांचे पगार यांबाबत निजामाचे काही चालत नसे. युद्धापुरती म्हणून कबूल केलेली मदत अशा रीतीने शांततेच्या काळातील कायमचा खर्च होऊन बसली. हा खर्च पुढे वर्षाला सु. ४० लाख रुपयांपर्यंत गेला.

पैसा उभा करण्याचे काम पेशकार व पुढे दिवाण झालेल्या चंदुलालकडे होते. जमीनमहसूल पिकांच्या हंगामावर येणार, तर फौजेचा पगार दरमहा द्यावा लागणार. ही तफावत भरून काढण्यासाठी त्याने तालुके इजाऱ्याने दिले आणि सावकारांकडून आगाऊ रकमा उचलल्या. इजारदार रक्कम आधी देई व नंतर रयतेकडून ती जमेल त्या मार्गाने वसूल करी. परिणामी लागवड घटली, पुढील वर्षीचा वसूल कमी झाला व तूट वाढली. ही तूट पुन्हा कर्जानेच भरली जाई.

या सावकारांत विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी अग्रगण्य होती. यूरोपियनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास ब्रिटिश कायद्याने मनाई होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने १८१६ मध्ये या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड याची पत्नी हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली होती, ही बाब पुढे फार गाजली. औरंगाबादकडील फौजेचा पगार पेढीने द्यावा व त्याबदली महसुलाच्या तनखा घ्याव्यात, असाही एक व्यवहार झाला. तो ‘औरंगाबाद करार’ म्हणून कागदपत्रांत येतो. म्हणजे फौज कंपनीच्या हुकमतीतील, तिला पगार देणारी पेढी कंपनीच्या गव्हर्नर जनरलाच्या मर्जीतील आणि व्याज भरणारी मराठवाड्याची रयत, असा हा प्रकार होता. व्याजाचा दर शेकडा २४ ते २५ असे. १८२० मध्ये ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी ८ लाख रुपये ही भागीदारांना दिलेली निव्वळ बक्षिसी असल्याचे उघडकीस आले.

पामरचे देणे १८२३ नंतर फेडण्यात आले, त्याची रीत लक्षणीय आहे. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देत असे. शेकडा ६ दराने तिचे भांडवली मूल्य धरून १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी देण्यात आले व पेशकश कायमची बंद झाली. शेकडा ६ च्या उत्पन्नावर पाणी सोडून शेकडा २५ चे ऋण फेडणे हे हिशेबाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. परंतु रयतेवर न पडणारे एक शाश्वत उत्पन्न त्यामुळे संपले आणि कंटिन्जंटचा खर्च, म्हणजे ज्याच्यामुळे कर्ज काढावे लागे ते कारण, जसेच्या तसे राहिले.

मेटकाफने महसुलावर नेमलेली इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख नासिरुद्दौलाच्या (कार. १८२९–५७) मागणीवरून १८२९ मध्ये उठली. १८४३ मध्ये चंदुलालने राजीनामा दिला. पगार थकू लागले की कंपनीच्या खजिन्यातून उचल दिली जाई व ती निजामाच्या नावे कर्ज म्हणून लिहिली जाई. लॉर्ड डलहौसीने १८५१ मध्ये तगादा लावल्यावर निजामाने बरीच मोठी रक्कम भरली, पण चालू खर्च थांबला नसल्याने १८५३ मध्ये कर्ज पुन्हा सु. ४३ लाखांवर गेले. शांततेच्या काळात ही फौज पोसण्यास निजाम तहाने बांधलेला आहे, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही, हे डलहौसीने स्वतःच आपल्या टिपणात मान्य केले होते. तरीही २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव (नळदुर्ग) व रायचूर दुआब हा सु. ५० लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. तहानंतर कंटिन्जंट ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने यांवर आणून तिचा खर्च बराच कमी करण्यात आला. ही काटकसर आधी झाली असती, तर मुलूख तारण देण्याची वेळ बहुधा आलीच नसती.

दुसरी एक बाब जालन्याशी निगडित आहे. सिकंदराबाद व जालना येथील छावणी बाजारांचे अबकारी उत्पन्न १८१२ पासून सु. ४१ वर्षे कंपनी घेत आली होती. ते वर्षाला सु. १ लाख रुपये असून त्यावर आपला हक्क आहे, असे निजाम सरकारचे म्हणणे होते. ही रक्कम वळती केल्यास १८५३ चे देणे जवळजवळ फिटत होते. उभय सरकारांच्या देण्याघेण्याचा निःपक्षपाती हिशेब झाला असता, तर कंपनीचे न्याय्य येणे राहिलेच नसते, असा अभिप्राय रेसिडेंट डेव्हिडसन याने १८६० मध्ये दिला.

मे १८५३ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने इजारापद्धती मोडली, पगारी तालुकदार नेमले, गहाण पडलेले जडजवाहीर सोडविले आणि १८६५ पासून जिल्हाबंदी केली. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबाद छावणीतील कंटिन्जंटच्या घोडदळात बंड झाले. मात्र दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे फळ म्हणून १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज रद्द झाले व धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत आला नाही. कर्ज संपल्यावरही तारण कायम राहिले, याचे समर्थन कंटिन्जंटच्या पुढील खर्चाच्या हमीने केले गेले. शिल्लक रक्कम निजामाला द्यावयाची होती, परंतु जमाखर्चाचा तपशील मागण्याचा हक्क याच तहाने त्याने सोडला. कापसाच्या तेजीमुळे व रेल्वेमुळे वऱ्हाडचे उत्पन्न वाढले, तसा तेथील प्रशासनाचा खर्चही वाढला. कंटिन्जंटच्या खर्चाची भांडवली रक्कम ठेव म्हणून ठेवून प्रांत सोडविण्याची सालारजंगाची १८७२ पासूनची खटपट निष्फळ ठरली; १८७६ च्या इंग्लंडभेटीतही त्याला यश आले नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान याच्याकडून दरसाल २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाडचा कायम पट्टा करून घेतला. १८९९–१९०० च्या दुष्काळात संस्थानाने हिंदुस्थान सरकारकडून घेतलेल्या कर्जाची फेड याच खंडातून कापून घेण्याची तरतूद होती. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारात गेला व कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली. १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य होऊन ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ हा किताब त्याला मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, तेव्हा मराठवाडा व वऱ्हाड १०३ वर्षांनी पुन्हा एका शासनाखाली आले.