नरो वा कुंजरो वा: ब्रिटिश संसदेतलं एक खरं उत्तर

आजचा एपिसोड एका उत्तराबद्दल आहे. फक्त एका. 11 जून 1914 ला लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी ते दोन खासदारांना दिलं. मोजक्या वाक्यांचं उत्तर. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर त्यात खोटं काही सापडत नाही. तरी ऐकणारे फसले.

विचारणारे होते सर विल्यम बाइल्स आणि जोसेफ किंग. दोघंही लिबरल, म्हणजे ग्रेंच्याच पक्षाचे. त्यांचा प्रश्न एकदम सरळ होता. रशियाबरोबर नौदलाबाबत काही करार झालाय का? झाला नसेल, तर तसा करार व्हावा म्हणून बोलणी चालू आहेत का, किंवा व्हायची आहेत का? हे त्यांना सुचलं कुठून? तर मे महिन्यात 'बर्लिनर टागेब्लाट' या जर्मन पेपरात तशी बातमी आली होती.

आता पडद्यामागे काय चाललं होतं ते बघा. एप्रिलमध्ये राजा पाचवा जॉर्ज पॅरिसला गेला, ग्रे सोबत होते. तिथे फ्रेंचांनी गळ घातली की आमच्याशी जशी तुमची लष्करी बोलणी चालतात, तशी रशियाशीही सुरू करा. ग्रेंनी मानलं. मे महिन्यात मंत्रिमंडळानेही मान्यता दिली. म्हणजे 'बोलणी आहेत का' याचं प्रामाणिक उत्तर 'हो, ठरली आहेत' असं होतं.

ग्रेंनी काय सांगितलं? त्यांच्या बोलण्याचा आशय असा: पंतप्रधानांनी गेल्या वर्षीच स्पष्ट केलंय की युरोपात युद्ध पेटलं तर त्यात पडायचं की नाही हे ठरवायला सरकार आणि संसद मोकळी आहे, हे स्वातंत्र्य बांधून टाकणारा कुठलाही छुपा करार नाही. ते आजही तितकंच खरं आहे. ते कमी खरं ठरेल अशा वाटाघाटी झालेल्या नाहीत, चालू नाहीत, आणि माझ्या अंदाजाने होणारही नाहीत.

'अशा' या शब्दावर थांबा. प्रश्न होता बोलणी आहेत का. उत्तर आलं, हात बांधणारी बोलणी नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे ओळखीचं आहे. क्लायंट विचारतो, "सर्व्हर डाउन आहे का?" आपण म्हणतो, "आमच्याकडे तसा अलर्ट आलेला नाही." खोटं कोण बोललं? कुणीच नाही. तिकीट क्लोज.

आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. युधिष्ठिराला निदान आपण काय करतोय ते कळत होतं. ग्रेंना कितपत कळत होतं, हा मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग प्रश्न वाटतो. कारण हा माणूस बनेल नव्हता. 1925 साली आलेल्या आठवणींत त्यांनी स्वतःच कबूल केलं की उत्तर पूर्ण खरं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. नौदल आणि लष्कराच्या तयारीच्या गोष्टी गुप्तच राहिल्या पाहिजेत, असं त्यांचं समर्थन होतं. मला ते अर्धंच पटतं. आराखडे गुप्त ठेवा की. पण बोलणी आहेत एवढंही आपल्याच खासदारांना सांगायचं नाही?

मुळात ही सवय जुनी. जानेवारी 1906 पासून ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याधिकारी एकमेकांशी बोलत होते. जर्मनीने हल्ला केला तर ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये कुठे उतरणार, कुठल्या रेल्वेने जाणार, सगळं. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना हे कळलं 1911 मध्ये, आणि चांगलाच वाद झाला. म्हणून नोव्हेंबर 1912 मध्ये ग्रे आणि फ्रेंच राजदूत पॉल कांबों यांनी पत्रांची देवाणघेवाण केली. तज्ज्ञांच्या बोलण्यांनी दोन्ही सरकारं बांधली जात नाहीत, असं त्यात लिहिलं. झालं. आता 'आम्ही बांधलेले नाही' म्हणायला कागद हातात होता. मार्च 1913 मध्ये पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी संसदेत तेच म्हटलं. तेव्हाही प्रश्नकर्त्यांत बाइल्स आणि किंग होतेच. चिकट माणसं!

पण प्रत्यक्षात काय झालं होतं? फ्रान्सने आपलं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात नेलं होतं. उत्तरेचा फ्रेंच किनारा जवळपास उघडा होता, ब्रिटनच्या भरवशावर. कागदावर शब्द दिला नव्हता हे खरं. पण शेजाऱ्याने तुमच्याकडे बघून दार उघडं ठेवलंय आणि तुम्हाला ते माहीत आहे, तर 'मी कुठे सही केली होती?' म्हणता येतं का?

आता यातली कडू गंमत. लंडनच्या रशियन वकिलातीत बेन्नो फॉन सीबर्ट नावाचा अधिकारी होता. तो गुप्त कागदांच्या नकला बर्लिनला पुरवायचा. पेपरातली ती बातमी त्याच कागदांवरून आली होती. म्हणजे ग्रे उत्तर देत होते तेव्हा बर्लिनच्या सरकारला खरं काय ते ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते ब्रिटिश खासदारांना. जे लपवायचं ते शत्रूला कळलेलं, आणि ज्यांच्या मतावर पुढे युद्ध लढायचं ते अंधारात. वर जर्मनांचा ग्रेंच्या शब्दावरचा विश्वास उडायला सुरुवात झाली, तेही नेमकं त्या उन्हाळ्यात. सतराच दिवसांनी साराजेव्होत गोळ्या झाडल्या गेल्या.

3 ऑगस्टला, म्हणजे त्या उत्तरानंतर 53 दिवसांनी, ग्रे त्याच सभागृहात उभे राहिले. या वेळी त्यांनी कांबोंना लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. फक्त शेवटचं वाक्य राहिलं. वेळ आली तर दोन्ही सेनांच्या आराखड्यांचा लगेच विचार होईल, असं सांगणारं ते वाक्य. मुद्दाम गाळलं की ओघात राहिलं यावर अजून वाद आहे. संसद निर्णय घ्यायला मोकळी आहे असं ते पुन्हा म्हणाले, आणि मग फ्रान्सच्या त्या उघड्या किनाऱ्याची आठवण करून देऊन सभागृहाच्या अब्रूलाच हात घातला. दुसऱ्या दिवशी ब्रिटन युद्धात होता.

मंत्रिमंडळातून दोघं बाहेर पडले. जॉन बर्न्स आणि जॉन मोर्ले. हो, एमपीएससीवाल्यांनो, मोर्ले-मिंटो सुधारणांमधले तेच मोर्ले. त्या 1909 च्या सुधारणांनी गोखल्यांसारख्या सभासदांना केंद्रीय कायदेमंडळात पूरक प्रश्न विचारायची मुभा दिली होती. पण ब्रिटनच्या परकीय राष्ट्रांशी असलेल्या संबंधांवरचे प्रश्न नियमांनीच वगळले होते. लंडनमध्ये निदान फसवं उत्तर मिळत होतं, आपल्याकडे प्रश्नच बाद. युद्धात मात्र भारत आपोआप ओढला गेला. सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यातल्या 103 आणि 110 व्या मराठा पलटणी कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या.

3 ऑगस्टच्याच संध्याकाळी आर्थर पॉन्सनबी नावाचा लिबरल खासदार युद्धाच्या विरोधात बोलला होता. पुढे तो लेबर पक्षात गेला आणि 1924 च्या पहिल्या लेबर सरकारात परराष्ट्र खात्याचा उपमंत्री झाला. 1 एप्रिल 1924 ला त्याने जाहीर केलं की यापुढे प्रत्येक तह मंजुरीआधी 21 दिवस संसदेपुढे ठेवला जाईल. शिवाय तहाच्या स्वरूपात नसलेले, पण देशाला बांधून टाकू शकतील असे समझोतेही सरकार संसदेला कळवेल. पहिला भाग 'पॉन्सनबी नियम' म्हणून चालत राहिला आणि 2010 मध्ये त्याचा कायदा झाला. दुसऱ्या भागाला, ज्यात ग्रे-कांबों पत्रं थेट बसली असती, त्या कायद्यात जागा मिळाली नाही.