कारंजे

कारंजे : दाबाखालील पाणी अरुंद तोंडाच्या तोटीतून हवेत उडवणारी रचना. हा दाब उंचावरील पाणीसाठ्यामुळे किंवा पंपामुळे मिळतो.

तत्त्व : पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. उंच टाकीतून नळाने खाली आलेले पाणी तोटीतून सुटले की या दाबाचे वेगात रूपांतर होते. टाकीतील पातळीपासून तोटीपर्यंत मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला जो वेग येईल, तितकाच हा वेग असतो, हे इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी 1644 मध्ये मांडले. त्यानुसार धार टाकीतील पातळीपर्यंत चढायला हवी. पण नळातील घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे ती खालीच राहते. सरळ उभ्या धारेवर तर माथ्यावरून परतणारे पाणीही आदळते. म्हणून तोटी किंचित कलती केल्यास धार थोडी अधिक उंच जाते.

तोटीचे कार्य : तोटी दाब निर्माण करत नाही, असलेला दाब वाया जाऊ देत नाही. नळाचे तोंड मोकळे असल्यास पाणी वेगाने वाहून बराचसा दाब वाटेतील घर्षणातच खर्च होतो. तोंड अरुंद केल्यावर प्रवाह घटतो आणि दाब तोंडापर्यंत टिकतो. बागेतील पाइपचे तोंड अंगठ्याने दाबल्यावर धार लांब जाते ती यामुळेच. तोटी फार बारीक असल्यास मात्र धार फुटून तुषार होतात आणि ते हवेत लवकर अडतात.

उदाहरणे : रशियातील पीटरहॉफ येथील कारंजी पंपाविना, उंचावरील तलावांतून कालव्याने आणलेल्या पाण्यावर चालतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत असेच उताराने आणले होते. वाड्यातील कमळाकृती हजारी कारंजे प्रसिद्ध आहे.

जिनिव्हाचे कारंजे 1886 मध्ये जलशक्ती केंद्राची दाबमोचक झडप म्हणून सुरू झाले. कारखान्यांतील यंत्रे संध्याकाळी थांबली की नळांतील दाब वाढे. तो असे पाणी उडवून कमी केला जाई. 1891 मध्ये ते सरोवराकाठी हलवले गेले. 1951 पासून तेथे पंपांनी सेकंदाला सुमारे 500 लिटर पाणी ताशी 200 किमी. वेगाने सोडले जाते. या वेगाने निघालेली धार हवेच्या विरोधाविना सुमारे 157 मीटर चढली असती. प्रत्यक्षात ती सुमारे 140 मीटर उंच जाते.