धुराचा जमाखर्च

कारखान्याच्या धुराड्यांतून निघणारा धूर सर्वांस दिसतो. परंतु त्याचा खर्च कारखानदाराच्या खातेवहींत कोठेंच दिसत नाहीं. कोळशाची किंमत तो मोजतो, मजुरीही मोजतो. मात्र शेजारच्या बिऱ्हाडांत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी बसते, तिचें मोल त्याच्या हिशेबांत येत नाहीं. मग तें मोल भरतो कोण? या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांनीं देण्याचा एक जुना प्रयत्न इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं झाला.

सन १९१८ मध्यें तेथील वायुदूषण सल्लागार मंडळानें कामकरी वर्गाच्या घरांतील आठवड्याच्या धुण्याचा खर्च तपासला. धुरकट मँचेस्टर व स्वच्छ हवेचें हॅरोगेट या दोन गांवांतून प्रत्येकीं १०० घरांचे हिशेब जमवून ते ताडून पाहिले. जळण व धुण्याचें सामान यांपायीं मँचेस्टरच्या गृहिणीस आठवड्याला साडेसात पेन्स अधिक पडत. साडेसात लक्ष वस्तीच्या त्या शहराचें वार्षिक नुकसान यावरून २,९०,००० पौंडांहून अधिक भरलें. हा अंदाजही हात राखूनच केलेला होता. धुणें घासतांना त्या बाईस जे जादा कष्ट पडत, त्यांचें मोल त्यांत धरलेंच नव्हतें.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनीं ‘दि इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या विवेचनांत या चौकशीस स्थान दिलें. व्यवहार करणाऱ्याचा लाभ व समाजाचा लाभ नेहमींच एक नसतात. एकाच्या नफ्याचा भार जेथें तिऱ्हाइतावर पडतो, तेथें कर बसवून तो भार मूळ कर्त्याच्या माथीं घालतां येतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

परंतु हिशेब मांडला म्हणजे वसुली झाली असें होत नाहीं. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनच्या विषारी धुक्यानें हजारों बळी घेतले, तेव्हां कोठें १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला; आणि त्याचाही मुख्य भर निर्बंधांवर होता. पिगूंचा विचार पुढें स्वीडननें आचरणांत आणला. मोठ्या बॉयलरांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर १९९२ पासून तेथें दर किलोग्रॅमला ४० क्रोनर आकारण्यांत येऊं लागले. जमलेली रक्कम, ज्यानें जितकी ऊर्जा निर्माण केली त्या मानानें, त्याच कारखान्यांस परत वांटली जाई. स्वच्छ काम करणाऱ्यास त्यांत लाभ झाला, गलिच्छ काम करणाऱ्यास भुर्दंड पडला, आणि ऊर्जेच्या मानानें होणारें दूषण थोडक्याच वर्षांत पुष्कळ घटलें.

मँचेस्टरच्या गृहिणीचें तें देणें कोणीं चुकतें केलें नाहीं. तथापि तें एकदां कागदावर उतरलें, म्हणूनच धूर फुकट असतो हें म्हणणें पुढें टिकूं शकलें नाहीं.