वस्तरा, उलटा हात आणि केसतोड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केसाच्या मुळाशी गळू आलं की घरातली वडील मंडळी म्हणतात, "केस तुटला असेल, म्हणून केसतोड झालं." रोगाचं नाव आणि त्याचं कारण, दोन्ही एकाच शब्दात! आजचे त्वचारोगतज्ज्ञ मात्र यात दोन प्रकार मानतात. एक, जंतूंमुळे होणारं गळू. दुसरा, दाढीचा कापलेला केस वाकून पुन्हा कातडीत शिरतो तेव्हा उठणारी पुळी. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

मुळशी तालुक्यातलं लवळे हे माझं गाव. आता तिथे सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत. माझ्या लहानपणी ते भातशेतीचं गाव होतं. आमचे न्हावीकाका बलुतेदार. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा'त ज्या बलुत्याचं वर्णन केलं आहे, त्याची शेवटची वर्षं मी पाहिली. सुगीत खळ्यावर भात, आणि त्याच्या बदल्यात वर्षभर हजामत. काका धोकटी उघडत, वाटीतलं पाणी गालावर बराच वेळ चोळत आणि केसांच्या कलाने वरून खाली एकच हात फिरवत. वर तुरटी. गाल थोडा खरखरीतच राही. आठवड्याने पुन्हा पाळी.

काकांना त्वचाशास्त्र ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना वस्त्र्याची धार जपायची होती आणि पारावर गिऱ्हाईकं खोळंबलेली असत. पण केस भिजवून मऊ करणं, उलटा हात न मारणं आणि थोडे खुंट ठेवणं, या तीन गोष्टी आजचे डॉक्टरही सांगतात. त्याच धोकटीत चिमटाही होता, आणि त्याने केस उपटण्याची हौस असलेले लोकही होते. त्यांच्या माना पुळ्यांनी भरलेल्या असत.

रोज गुळगुळीत गाल हवा, ही सवय अलीकडची. जिलेटचा सुटं पातं बसवायचा रेझर अमेरिकेत १९०३ साली विक्रीला आला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सामानात गेला. १९७१ साली दुहेरी पातं आलं. पहिलं पातं केस ओढतं, दुसरं कापतं. मग तिरकं, अणकुचीदार टोक कातडीखाली जातं आणि वाढताना बाजूच्या मांसात घुसतं. शरीर त्याला काट्यासारखं परकं मानतं. लाली, पू, नंतर काळा डाग. कुरळ्या केसांना हा त्रास अधिक. स्ट्रॉस आणि क्लिगमन या डॉक्टरांनी १९५६ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं. अमेरिकी सैन्यातल्या कृष्णवर्णीय जवानांना यासाठी दाढी राखण्याची वैद्यकीय सवलत मिळे. २०२५ साली तिचे नियम कडक झाले आणि सवलत फार काळ लागली तर नोकरीवरच गदा येऊ शकते. एका केसापायी!

उपाय साधे आहेत, पण धीर लागतो. तीन-चार आठवडे दाढी करू नये. कोमट पाण्याच्या घडीने शेकावं. केसाचा वेढा वर दिसला तर स्वच्छ सुईने त्याचं टोक अलगद सोडवावं. उपटू नये, कारण नवा केस पुन्हा तिथेच रुततो. नंतर मशिनने किंचित केस ठेवून कापावेत. वस्तराच हवा असेल तर कातडी ताणू नये. पुळ्या वाढल्या, ताप आला किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरच गाठावा. दुकानात नवं पातं लावून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

कातडीत शिरलेला केस आपलाच असतो असंही नाही. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे बारीक केस रुततात, तिथे भोक पडतं, पू होतो. लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये पॅटी आणि स्कार्फ यांनी १९४८ साली अशाच एका न्हाव्याच्या हाताची हकिगत छापली. दाढी करवून घेणाऱ्याला गाल दाखवायला आरसा असतो. करणाऱ्याच्या बेचक्याकडे कोण पाहतो? रोज काम संपल्यावर बोटांच्या फटी साबणाने धुऊन, अडकलेले केस काढून हात कोरडे केले, तर हे दुखणं बहुधा टळतं.