गॅस संपलाय!

परवा नागपूरहून मावशीचा फोन आला. आईच्या तब्येतीची चौकशी झाली, पाऊसपाणी झालं, आणि ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि तुझ्या त्या खटाऱ्याचा एसी झाला का रे नीट?" झाला, मावशी. पण तो कसा झाला हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. मात्र यात थोडा इतिहासही आहे, आणि तो मला स्वतःला मजेदार वाटला.

आमची गाडी आणि आमचा जिल्हा एकाच वर्षीचे. अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. गाडी बाबांनी त्याच्या दोन महिने आधी घेतली, त्यामुळे पाटीवर अजून अकोल्याचं एमएच-३०. शिरपुरात कोणी नवखा विचारतो, "गाडी अकोल्याची का?" मी म्हणतो, गाडी इथलीच, जिल्हा उशिरा आला. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करून घेतोय. बाबा गेले, गाडी राहिली. विकायचा विषय निघाला की आई उठून आत जाते.

गेल्या मे महिन्यात या गाडीचा एसी रुसला. रोज नाही, बरं का. सकाळी आईला घेऊन अकोल्याला डॉक्टरांकडे निघालो की थंडगार. परतताना दुपारचे दोन वाजलेले, पातूरचा घाट चढून मेडशीकडे आलो की पंखा चालू पण हवा भट्टीची. बाहेर ४४ अंश. काचा खाली केल्या की झळा, वर केल्या की गुदमर. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, त्यात हृदयाचं दुखणं. एका फेरीत मालेगावच्या अलीकडे तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडी लावली, पंचा भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला, तोंडाला पाणी लावलं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "चल, घरी जाऊ." तो अर्धा तास मी विसरणार नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत मी तीन वेळा गॅस भरला. म्हणजे भरून घेतला. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तीन वेळा तीन वेगळी दुकानं, आणि तिन्हीकडे बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार: "गॅस संपलाय." उरलेला गॅस फुस्स करून सोडायचा, नवा भरायचा, संध्याकाळच्या गारव्यात एसी सुरू करून दाखवायचा, पैसे घ्यायचे. गार हवा लागली की मीही खूश. पुढची उन्हातली फेरी आली की पुन्हा मेडशी, पुन्हा भट्टी.

तिसऱ्या वेळी मला प्रश्न पडला, की सगळे जण गॅसच का म्हणतात? मग रात्री वाचत बसलो.

एसीवाली पहिली कारखानी मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात ती मांडली होती आणि एसीसाठी २७४ डॉलर जास्तीचे मोजावे लागत. थंड करणारी कॉईल आणि पंखा मागे डिकीत, कॉम्प्रेसर पुढे इंजिनाजवळ. आणि गंमत ऐका, या एसीचा कॉम्प्रेसर बंद करायला बटणच नव्हतं! इंजिन फिरलं की पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरणारच. एसी नको असेल तर गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. आतून काय ते पंख्याचा वेग कमीजास्त करता यायचा. थोडक्यात, त्या एसीत पंख्याची वायर सोडली तर विजेने बिघडण्यासारखं काही नव्हतंच. दोनेक वर्षांत पॅकार्डने तो प्रकार बंद केला.

एसी गाड्यांत परत आला १९५० च्या दशकात, आणि तेव्हा कॉम्प्रेसरच्या पुलीला विजेचा क्लच बसला. क्लच म्हणजे एक तांब्याच्या तारेची कॉईल. तिच्यात करंट गेला की ती लोहचुंबक होते, समोरची लोखंडी चकती पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. करंट तोडला की चकती सुटते, पुली रिकामी फिरत राहते. बस, बटण जन्माला आलं. मग एकेक सोय वाढत गेली. कॉईलवर बर्फ धरू नये म्हणून थर्मोस्टॅट. १९६४ साली कॅडिलॅकने तर तापमान एकदाच लावून विसरून जायचं, बाकीचं गाडी बघेल, असा एसी दिला. त्यासाठी उष्णता ओळखणारे थर्मिस्टर बसवले. गॅस फारच कमी झाला तर कॉम्प्रेसर जळू नये म्हणून प्रेशर स्विच आला. बटणावर भार नको म्हणून रिले. पुढे या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी. प्रत्येक सोयीबरोबर एक वायर, दोन कनेक्टर आणि बिघडायची एक नवी जागा.

आणि गॅस? मोटारीत जो भरायचे तो आर-१२, म्हणजे फ्रिजचाच. कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून आणि रबरी नळ्यांमधून तो थोडाथोडा झिरपायचा. मग उन्हाळा आला की गॅस टॉप करायचा ही रीतच पडली. आपल्याकडे मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये; गाड्यांचे एसी बनवणारी सुब्रोस कंपनी सुझुकी आणि जपानच्या डेन्सोबरोबर १९८५ मध्ये उभी राहिली. त्याआधी एसीची गाडी म्हणजे श्रीमंतांचं काम. बाबांच्या फियाटमध्ये पुढच्या दाराची त्रिकोणी काच वळवली की वाऱ्याचा झोत छातीवर यायचा, तोच एसी. एसीच्या गाड्या गावोगाव पोचल्या तेव्हा त्या दुरुस्त करायला आले ते फ्रिजवाले. त्यांच्या हातात गेज आणि सिलिंडर. वायरिंगवाल्याचं दुकान वेगळं, त्याच्या हातात टेस्ट लॅम्प, आणि तो एसीला हात लावायला कचरतो. दोन दुकानांच्या मधे जो बिघाड पडतो, त्याला वाली कोणी नाही. म्हणून सगळं गॅसच्या नावावर जमा! मला तरी हा उलगडा पटला.

आता आपल्या गावाकडे येतो. शिरपुरात एक म्हातारे मिस्त्री आहेत. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड केल्या, आता दुकान मुलाकडे. आईने सांगितलं म्हणून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, एसीचा गॅस..." त्यांनी हात वर केला.

"गॅसचं मंग पाहू. थंडा कवा नाई करत ते सांगा."

हा प्रश्न तीन दुकानांत एकानेही विचारला नव्हता. मी सांगितलं, दुपारी, तासभर गाडी चालल्यावर. ते म्हणाले, "मंग दुपारीच या. आजारी नसताना नाडी पाहून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांच्या अंगणात गाडी उन्हात उभी केली, इंजिन आणि एसी चालू. आधी पंख्याचे चारही वेग पाहिले. (चौथ्यावरच चालला आणि बाकी तीन मेले तर पंख्याचा रेझिस्टर जळालेला समजावा. आमचे चारही ठीक.) मग एसीचं बटण बंद-चालू केलं. दर वेळी इंजिनाचा आवाज किंचित चढत होता. म्हणजे बटणाचा हुकूम आतल्या पेटीपर्यंत पोचत होता. चाळीसेक मिनिटांनी पुढून "टक" असा आवाज आला आणि क्लच सुटला. हवा गरम. मिस्त्री खूश!

त्यांनी मल्टिमीटर घेतला आणि क्लचच्या वायरीवर लावला. १३.४ व्होल्ट. मला काही कळेना. ते म्हणाले, "इथलोक लाइट येऊन राह्यली. म्हंजे फ्यूज, रिले, पिरेशर स्विच, सारे पास." आणि प्रेशर स्विच पास म्हणजे गॅस संपलेला नाही, हेही त्याच एका आकड्यात आलं. मग बॉडीच्या बाजूची अर्थिंग तपासली, तीही चांगली. उरला एकटा क्लच.

इंजिन बंद करून वायर सोडवली आणि कॉईलचा रेझिस्टन्स मोजला: ४.६ ओहम. सकाळी थंड असताना ३.७ होता, तोही त्यांनी मला मोजून आणायला लावला होता. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. तेवढ्याच व्होल्टेजला करंट साडेतीन अँपियरवरून तीनच्या खाली. करंट कमी म्हणजे चुंबकाची ओढ कमी. रिवाइंडिंगवाल्याला हे शिकवावं लागत नाही. "पण कॉईल जळाली नाई," ते म्हणाले, "तापली की साऱ्याच अशा होतात. मंग सोडते कायले?"

उत्तर फटीत होतं. चकती आणि पुली यांच्यामधे सुटलेल्या अवस्थेत एक बारीक फट असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. पंचवीस-सव्वीस वर्षं चिकटून-सुटून दोन्ही पृष्ठभाग झिजले आणि फट वाढली. फिलर गेजची पाती घालून पाहिलं तर ०.९. थंड कॉईल एवढ्या लांबून चकतीला ओढून घेत होती, तापलेली कॉईल हरत होती. मिस्त्री हसले आणि देवळाच्या दिशेने मान हलवून म्हणाले, "आपल्या गावाले फटीचं महत्त्व का सांगाव लागते?" (बाहेरच्या वाचकांसाठी: शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीपासून अधांतरी आहे, तिच्याखालून कापड फिरवता येतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.)

मधला नट खोलून चकती काढली. आत दोन पातळ वायसर होते, त्यातला एक काढला, चकती परत बसवली. फट अर्धा मिलिमीटर. पुन्हा उन्हात तासभर इंजिन चालवलं. क्लच सुटला नाही. मी पाकीट काढलं तर दोनशे रुपये घेतले, तेही मुलाने आग्रह केला म्हणून.

घरी येताना माझ्या लक्षात आलं की मिस्त्रींनी एसीचा इतिहास उलटा वाचला होता. पेटी, प्रेशर स्विच, रिले, सगळं मागे टाकत ते १९५० च्या दशकातल्या त्या पहिल्या सोयीपर्यंत पोचले, आणि बिघाड तिथेच बसला होता. पॅकार्डमध्ये तो झालाच नसता, कारण तिथे क्लचच नव्हता. :-)

एक हिशोब मात्र मनातून जात नाही. आर-१२ ने ओझोनचा थर विरळ होतो, हा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि तो गॅस गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवायच्या कामात एक किलो गॅस सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. छोट्या गाडीत अर्धा किलो धरा, म्हणजे एकदा फुस्स केलं की सातशे किलो. जवळपास तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं! आणि मी ते तीनदा केलं, एका वायसरपायी. त्यातल्या एकाही वेळी मी "गेज लावून आधी दाखवा" असं म्हटलं नाही. दोष दुकानदारांइतकाच माझाही.

तेव्हा मंडळी, कोणी बॉनेट न उघडता "गॅस संपलाय" म्हणालं तर एवढंच विचारा: क्लचपर्यंत व्होल्टेज येतंय का? आणि गाडी बिघडते त्या वेळेला घेऊन जा, बरी असताना नको.

गेल्या महिन्यात पुन्हा अकोल्याला गेलो होतो. ऑक्टोबरचं ऊन, दुपारची वेळ. मेडशी आली तसा मी कान टवकारून त्या "टक"ची वाट पाहत होतो. आला नाही. बाजूला पाहिलं तर आई झोपली होती, पदर अंगाभोवती घट्ट ओढून. तिला थंडी वाजत होती.

पंखा एकवर आणला आणि मालेगावच्या दिशेने हळू चालवत राहिलो.