पाच टक्क्यांची वेसण

अमेरिकेत मद्यखरेदीचे किमान वय सर्वत्र २१ आहे. मात्र राज्यांना थेट तसा हुकूम देणारा केंद्रीय कायदा नाही. हे साधले ते महामार्गांच्या पैशाने.

१९३३ च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली आणि मद्यनियमनाची सूत्रे प्रामुख्याने राज्यांकडे गेली. १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले, तेव्हा अनेक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. एका राज्यात २१, शेजारी १८! तरुण सीमेपलीकडे जाऊन पीत आणि त्याच नशेत गाडी हाकत परतत. अशा सीमांना ‘रक्ताच्या सीमा’ हे नाव पडले. मद्यधुंद चालकामुळे मुलगी गमावलेल्या कँडी लाइटनर यांनी १९८० मध्ये मातांची संघटना उभारली आणि प्रश्न थेट वॉशिंग्टनच्या दारी नेला.

राज्यांच्या स्वायत्ततेचे पुरस्कर्ते रोनाल्ड रेगन आरंभी अनुकूल नव्हते. तरीही १७ जुलै १९८४ रोजी त्यांनी स्वाक्षरी केली. वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी आधी ५, मग १० टक्के रोखला जाणार होता.

हा मार्ग नवा नव्हता. हेल्मेटसक्तीसाठी १९६६ पासून हेच हत्यार वापरले गेले. १९७५ पर्यंत ४७ राज्यांत तसे कायदे झाले. १९७६ मध्ये काँग्रेसने ती कात्री काढून घेताच राज्यांनी ते कायदे भराभर मागे घेतले किंवा सौम्य केले. मद्यवयाबाबतची कपात मात्र १९८६ मध्ये कायमस्वरूपी झाली.

साउथ डकोटात १९ व्या वर्षी सौम्य बिअर मिळे. त्या राज्याने परिवहन मंत्री एलिझाबेथ डोल यांच्याविरुद्ध दावा लावला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा उचलून धरला. निकाल लिहिला सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी, एरवी राज्यांकडे झुकणाऱ्या न्यायमूर्तींनी! निधीतील अल्प कपात ही सक्ती ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. रस्तेबांधणीचा मद्यवयाशी संबंध फार दूरचा, हे सँड्रा डे ओ’कॉनर यांचे भिन्नमत तर्काला अधिक काटेकोर वाटते. पण १९८८ मध्ये वायोमिंगही नमले आणि वाद व्यवहारात मिटला.

‘अल्प’ म्हणजे किती, हा प्रश्न २०१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेचा विस्तार नाकारणाऱ्या राज्याचा सगळाच मेडिकेड निधी धोक्यात होता. साउथ डकोटाचे संभाव्य नुकसान तिच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. येथे ते दहा टक्क्यांच्या वर जात होते. या वेळी ७ न्यायमूर्तींनी त्याला सक्ती म्हटले.